वारशात आलेलं इमान आणि इमाम गझाली



आजचं वाचन : सूरह अल-अंबिया, आयत ५१ ते ५४.

हजरत इब्राहीम (अ.) आपल्या वडिलांना आणि आपल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारतात. तुम्ही ज्यांच्यापुढे बसून असता, त्या या मूर्ती नेमक्या आहेत तरी काय? त्यावर उत्तर येतं, की आमचे वाडवडील यांचीच उपासना करत आले. बस, एवढंच. यापुढे त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

या आयती वाचताना आपण स्वतःला आपोआप इब्राहीम (अ.) यांच्या बाजूला उभं करतो. पण मला त्या उलट्या बाजूने टोचतात. मला कुणी विचारलं की तू मुसलमान का आहेस, तर तोंडात येणारं पहिलं प्रामाणिक उत्तर हेच, की अब्बा होते, दादा होते, म्हणून मीही आहे. माझ्या अब्बांचा दीन खरा आहे हे मी मानतो. तो वेगळा मुद्दा. पण उत्तर देण्याची पद्धत तर त्या लोकांचीच झाली ना? तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न घोळत असणार आणि तो मोठ्यांना विचारला की एकतर दटावणी मिळते, नाहीतर दुआ पढायला सांगतात.

म्हणून आज तफसीर बाजूला ठेवून एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांना हाच प्रश्न पडला होता, नऊशे वर्षांपूर्वी. आणि आज ज्यांना आपण हुज्जतुल इस्लाम म्हणतो, म्हणजे इस्लामचा पुरावा, ते हेच. इमाम अबू हामिद मुहम्मद अल-गझाली (रह.).

जन्म १०५८ च्या सुमारास, तूस इथे. आजच्या इराणमधल्या मशहदजवळची ही जागा, तेव्हा खुरासान प्रांतातलं नावाजलेलं शहर. वडील लोकर कातून पोट भरायचे असं सांगतात. ते लवकर वारले. जाताना मुहम्मद आणि अहमद ही दोन मुलं एका सूफी मित्राच्या हवाली केली, आणि गाठीला होता तो पैसा त्यांच्या शिक्षणासाठी ठेवला. पैसा संपला तेव्हा त्या मित्राने मुलांना सरळ सांगितलं, की आता मदरशात नाव घाला, तिथे निदान जेवण मिळेल. मोठेपणी गझाली ही आठवण काढून म्हणत, की आम्ही ज्ञानाकडे काही अल्लाहसाठी गेलो नव्हतो, पण ज्ञानच अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाचं व्हायला तयार होईना. (आपल्या बॅचमध्ये कितीजण प्लेसमेंटचे आकडे बघून इंजिनिअरिंगला गेले, ते आठवून बघा.)

तरुणपणचा एक किस्सा. जुर्जानहून शिकून परत येताना वाटेत दरोडेखोरांनी गाठलं आणि सगळं लुटलं. गझाली त्यांच्या मागे धावले. बाकी सगळं घ्या, पण ती वह्यांची पिशवी द्या, तुमच्या काही कामाची नाही, माझं सगळं ज्ञान तिच्यात आहे, अशी गयावया केली. त्यांचा म्होरक्या हसला. पिशवी गेली की ज्ञान गेलं, मग तुझ्याकडे ज्ञान होतं असं तू म्हणतोस तरी कशाला, असं म्हणून त्याने पिशवी परत केली. पुढची तीन वर्षं गझालींनी त्या सगळ्या टिपणांचं पाठांतर केलं. बॅकअप घेतला म्हणा हवं तर. पण मला वाटतं, दरोडेखोराचा टोमणा पाठांतराने मिटणारा नव्हताच. वहीतलं डोक्यात आलं, तरी ते दुसऱ्याचंच राहिलं.

पुढे निशापूरला इमामुल हरमैन अल-जुवैनी यांच्याकडे शिकले. १०८५ साली जुवैनी वारले आणि गझाली निजामुल मुल्कच्या छावणीत दाखल झाले. सेल्जुक साम्राज्याचा हा वजीर. सुलतान मलिकशाह गादीवर होता, कारभार मात्र निजामुल मुल्क चालवायचा. शहरोशहरी त्याने निजामिया नावाचे मदरसे उभे केले होते. पगार, वसतिगृह, पुस्तकं, सगळं सरकारी व्यवस्थेतून. यातला बगदादचा मदरसा सगळ्यांत मानाचा, आणि १०९१ साली गझालींना तिथलं मुख्य अध्यापकपद मिळालं. वय तेहतीसच्या आसपास. माझ्या आजच्या वयापेक्षा कमी! वर्गात तीनशे विद्यार्थी. ते बगदादेत आले तेव्हा अंगावरचे कपडे आणि स्वारीचं जनावर मिळून पाचशे दीनारांचा ऐवज होता, असं बघणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय. हा आकडा लक्षात ठेवा.

आता प्रश्नाकडे येऊ. गझालींनी शेवटच्या वर्षांत 'अल-मुन्किझ मिन अद-दलाल' नावाचं छोटंसं आत्मकथन लिहिलं. भरकटण्यातून सुटका, असा काहीसा अर्थ. त्यात ते सांगतात, की लहानपणापासून एक गोष्ट त्यांना खटकायची. ख्रिस्ती घरातलं पोर ख्रिस्ती होतं, यहुदी घरातलं यहुदी, मुसलमान घरातलं मुसलमान. प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे मूळ स्वच्छ स्वभावावर जन्माला येतं आणि आईबाप त्याला यहुदी, ख्रिस्ती किंवा अग्निपूजक बनवतात, ही हदीस त्यांना ठाऊक होती. आपण ती बहुतेक वेळा इतरांना ऐकवायला वापरतो. गझालींनी ती स्वतःला लावली. आईबापांनी आणि उस्तादांनी घातलेले थर काढले, तर खाली काय उरतं?

मग त्यांनी खात्रीची कसोटी ठरवली, आणि ती भलतीच कडक. दहा हे तीनपेक्षा जास्त, हे मला पक्कं माहीत आहे. समजा कुणी आला आणि म्हणाला की नाही, तीनच जास्त, आणि पुरावा म्हणून त्याने माझ्या डोळ्यांदेखत काठीचा साप केला. तर त्याने हे केलं कसं याचं मला नवल वाटेल, पण दहा आणि तीनबद्दल तसूभर शंका येणार नाही. जे ज्ञान इतकं पक्कं नाही, ते माझ्यासाठी ज्ञानच नाही.

या उदाहरणावर जरा थांबा. समोरच्याची करामत, त्याचा दबदबा, त्याच्या नावापुढच्या उपाध्या, यांचा आणि त्याचं म्हणणं खरं असण्याचा संबंध नाही, हे ते सांगताहेत. सीनिअरचं पद मोठं म्हणून त्याचा कोड चालत नाही, हे आपण ऑफिसात पहिल्या वर्षी शिकतो. दीनच्या बाबतीत तेच म्हणायला जीभ जड होते. गझाली हे म्हणाले, तेव्हा ते स्वतः त्या काळातल्या सगळ्यांत मोठ्या पदावर होऊन गेलेले होते.

या कसोटीवर वारशातली मतं टिकेनात. मग इंद्रियं तपासली. सावली बघा, डोळ्याला स्थिर दिसते, तासाभराने कळतं की ती सरकत होती. तारा दीनाराएवढा दिसतो, भूमिती सांगते तो पृथ्वीपेक्षा मोठा. डोळे खोटे पडले. राहिली बुद्धी. पण स्वप्नातही सगळं खरंच वाटतं की. जाग आल्यावरच कळतं. मग या जागेपणाच्या वरही एखादी जाग नसेल कशावरून? इथे ते अडकले. जवळजवळ दोन महिने त्यांचा कशावरच भरवसा राहिला नाही, बोलताना मात्र ते कुणाला जाणवू दिलं नाही.

सुटका कशी झाली? ते म्हणतात, कुठल्या युक्तिवादाने नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या नुराने. इथे माझ्यातला इंजिनिअर चडफडतो. एवढी कडक कसोटी लावलीत आणि शेवटी हे? पण दुसऱ्यांदा वाचताना जाणवतं, की पुरावा सापडल्याचा आव त्यांनी आणला नाही. तर्काची साखळी कुठे तुटली आणि पुढे काय मिळालं, ते जसंच्या तसं लिहिलं. मला तरी असा माणूस जास्त विश्वासाचा वाटतो.

तकलीदबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या मागे डोळे झाकून जाण्याबद्दल, त्यांनी काचेचं उदाहरण दिलंय. आपण नुसते अनुकरण करतोय हे ज्याला कळलेलं नाही, त्याची काच शाबूत असते. ज्या क्षणी ते कळलं, त्या क्षणी ती फुटली. मग तिला चिकटपट्टी लावून भागत नाही. भट्टीत वितळवून नव्याने घडवावी लागते.

बरं, हे सगळं चालू असताना बाहेर काय होतं? १०९२ मध्ये निजामुल मुल्कचा खून झाला, महिनाभरात मलिकशाहही गेला, आणि वारसांत गादीसाठी मारामारी लागली. बगदादच्या खलिफाने, अल-मुस्तझहिरने, गझालींकडून बातिनी पंथाविरुद्ध पुस्तक लिहवून घेतलं. बातिनींचं म्हणणं, की माणसाची बुद्धी चुकते, म्हणून न चुकणाऱ्या इमामाचं ऐकावं. गझालींनी ते खोडून काढलं, पण ग्रंथात खलिफाच्या हक्काचं समर्थनही केलं. एका सत्तेच्या सांगण्यावरून दुसऱ्या सत्तेच्या दाव्याचं खंडन. त्यांना त्यातली गंमत तेव्हाच कळली असेल का, कोण जाणे.

१०९५ च्या सुरुवातीला त्यांनी 'तहाफुतुल फलासिफा' पुरं केलं. तत्त्वज्ञांची वीस मतं घेऊन ती पुराव्याने सिद्ध होत नाहीत हे दाखवलं. इथे लोक दोन टोकं गाठतात. काहींना वाटतं या पुस्तकाने मुसलमानांमधलं विज्ञान संपवलं. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला ते बजावतात, की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे, आणि दीनच्या नावाखाली ते नाकारणारा दीनचंच नुकसान करतो. उलट बाजूला, पुस्तकाच्या शेवटी तीन मतांसाठी त्यांनी कुफ्रचा निकाल दिला आहे, आणि तो मला आजही गळ्याखाली उतरत नाही. स्वतः दोन महिने अंधारात चाचपडलेला माणूस दुसऱ्याच्या चुकीला युक्तिवादाने उत्तर देऊन थांबू शकला असता. हे मी अदबीने लिहितोय, पण लिहितोय. गझालींवर लिहिताना तकलीद करायची म्हणजे फारच झालं.

त्याच वर्षी जुलैत ते कोसळले.

कसोटी आता मतांवरून त्यांच्या स्वतःवर आली होती. आपण शिकवतो ते कशासाठी, असं त्यांनी तपासलं आणि उत्तर आलं, नाव व्हावं म्हणून. नोकरी सोडावी असं सकाळी ठरायचं, संध्याकाळपर्यंत विरघळायचं. एक मन म्हणे, निघ, आयुष्य थोडं उरलंय. दुसरं म्हणे, हे वेड उतरेल, असं पद पुन्हा मिळायचं नाही. जवळपास सहा महिने ही ओढाताण. मग एक दिवस वर्गात उभे राहिले आणि जीभच चालेना. विद्यार्थ्यांसाठी एक शब्द काढायचा म्हटलं तरी निघेना. अन्न गिळवेना, पाणी उतरेना. हकीमांनी हात टेकले. हे दुखणं काळजातलं आहे, औषध तिथे पोचत नाही, असं त्यांचं निदान. बर्नआउट हा शब्द आपण दर सोमवारी वापरतो, म्हणून इथे मुद्दाम वापरत नाही.

नोव्हेंबरमध्ये ते निघाले. हजला जातो असं सांगितलं, मनात शामदेश होता. खरं सांगितलं असतं तर खलिफाने आणि मित्रांनी जाऊ दिलं नसतं. संपत्ती वाटून टाकली, मुलाबाळांपुरतं ठेवलं. शिकवायला धाकटा भाऊ अहमद उभा राहिला. गावात तर्क सुरू झाले. लांबच्यांना वाटलं सरकारची खप्पा मर्जी झाली असेल. जवळच्यांना माहीत होतं की सरकारच त्यांच्या मागे लागलंय आणि हेच तोंड फिरवताहेत. धर्मासाठी कुणी एवढं पद सोडेल हे कुणाच्या डोक्यातच येईना, कारण धर्मातलं सर्वोच्च पद तेच होतं ना!

दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या मिनारात ते दिवसभर आतून दार लावून बसत. मग जेरुसलेम. तिथून हेब्रॉन, ज्याला अरबीत अल-खलील म्हणतात, कारण तिथे अल्लाहचे खलील, म्हणजे जिवलग, हजरत इब्राहीम (अ.) यांची कबर आहे.

आजच्या आयतींसाठी मी गझालींची गोष्ट निवडली ती या जागेमुळे. बापाला प्रश्न विचारणाऱ्या, आणि पुढे बादशाहालाही न घाबरणाऱ्या पैगंबराच्या कबरीपाशी उभं राहून त्यांनी तीन शपथा घेतल्या. कुठल्याही सुलतानाचा पैसा घेणार नाही. कुठल्याही सुलतानाच्या दरबारात सलामाला जाणार नाही. आणि कुणाशी वादविवादाचा फड मांडणार नाही. तिसरी शपथ मला सगळ्यांत अवघड वाटते. वाद जिंकणं हेच तर त्यांचं कौशल्य होतं, त्यावरच ते मोठे झाले होते.

हज करून काही काळाने ते बगदादला परत दिसले तेव्हा त्याच लोकांनी पुन्हा अंदाज बांधला. पाचशे दीनारांच्या जागी आता अंगावर पंधरा कीरातांचा ऐवज, म्हणजे एक दीनारसुद्धा नाही.

या वर्षांत 'इहया उलूमुद्दीन' लिहून झाला. चाळीस भागांचा ग्रंथ. आपल्याकडे तो रेशमी वेष्टनात कपाटाच्या वरच्या फळीवर असतो, पण उघडून पहिलाच भाग वाचा. गझाली म्हणतात, गावंच्या गावं अशी आहेत जिथे मुसलमान वैद्य नाही, सगळे वैद्य परधर्मीय. वैद्यक शिकणं हे समाजावरचं सामूहिक कर्तव्य, तरी तिकडे कुणी फिरकत नाही. आणि फिकह शिकायला मात्र झुंबड, जरी गावात फकीहांची रेलचेल आहे. का? कारण वैद्यकीतून वक्फची मुतवल्लीगिरी मिळत नाही, अनाथांच्या पैशावर ताबा मिळत नाही, काझीची खुर्ची मिळत नाही. दुसऱ्या एका भागात सुलतानांच्या पैशाचा हिशेब मांडलाय. त्यांच्या काळातल्या राज्यकर्त्यांचा बहुतेक पैसा जुलमाने आलेला, म्हणून हराम. तो घेणारा आलिम मग त्या जुलमावर बोलू शकत नाही.

हे झोंबणारच. ११०९ साली अंदलुसमध्ये, कॉर्डोव्यात, अल्मोराविद राजवटीने तिथल्या काझीच्या पुढाकाराने 'इहया'च्या प्रती जाळल्या. लेखक तेव्हा हयात होते. आज ज्या पुस्तकावर बोट ठेवायची कुणाची छाती होत नाही, ते पुस्तक दीनला धोका म्हणून जळलेलं आहे.

त्याआधी, ११०६ मध्ये, निजामुल मुल्कचा मुलगा फखरुल मुल्क वजीर असताना त्याच्या आग्रहाने त्यांना निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला उभं राहावं लागलं. सरकारी मदरसा तो सरकारी मदरसाच. शपथ मोडली का? त्यांनी स्वतः याचं उत्तर असं दिलंय, की मी परतलो असं लोकांना वाटेल, पण परतलो नाही. तेव्हा मान मिळवून देणारं ज्ञान शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारं. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही आणि पूर्ण नाकारताही येत नाही. ज्याने घर चालवण्यासाठी कधी तडजोड केली असेल, त्याला ही जागा ओळखीची वाटेल.

विरोधक टपलेलेच होते. तरुणपणीच्या एका पुस्तकात इमाम अबू हनीफांचा (रह.) अवमान केल्याची तक्रार खुरासानचा शासक, मलिकशाहचा मुलगा संजर, याच्याकडे गेली. संजरने बोलावलं. गझालींनी शपथेचं कारण देऊन माफी मागितली, मात्र बोलावणं टळलं नाही. तेव्हा ते समोर उभे राहून काय बोलले, ते त्यांच्या फारसी पत्रसंग्रहात आहे. स्वतःच्या सफाईबरोबरच त्यांनी तूसच्या लोकांची कैफियत मांडली. थंडीने आणि दुष्काळाने ते मोडलेत, त्यांच्यावर दया कर. इथे माणसांच्या माना संकटाच्या ओझ्याने मोडताहेत आणि तुझ्या घोड्यांच्या माना सोन्याच्या पट्ट्यांनी वाकल्यात, असा त्या बोलण्याचा रोख. आरोपी म्हणून बोलावलेला माणूस हे बोलतोय.

मग तूसला घरी परतले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह. १११० च्या सुमारास बगदादची तीच जागा पुन्हा देऊ केली गेली, पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली. ज्या मनाने तेव्हा म्हटलं होतं की असं पद परत मिळायचं नाही, ते खोटं ठरलं. गझालींनी नम्रपणे नकार लिहिला. इथे दीडशे विद्यार्थी आहेत, त्यांना टाकून येणं बरं नाही. आणि इब्राहीम (अ.) यांच्या कबरीवर घेतलेल्या शपथा आहेत. बगदादेत राहायचं म्हणजे खलिफाला सलाम करायला जाणं आलं, वादविवाद आले.

डिसेंबर ११११, सोमवारची पहाट, तूस. वय अजून पंचावन्नही नव्हतं. भाऊ अहमद सांगतात, की त्यांनी वुजू केला, फजर पढली, आणि आपलं कफन मागवलं. त्याचं चुंबन घेऊन डोळ्यांना लावलं. बादशाहाच्या दरबारात हजर व्हायचा हुकूम ऐकला आणि मानला, असं म्हणाले, आणि किब्ल्याकडे तोंड करून आडवे झाले. उजाडायच्या आत गेले होते.

उद्या आयत ५५ पासून पुढे, इन्शाअल्लाह.